कर्ज कुणाच्या नावावर

शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत क्रांती चौगुले नोकरी करते, तिथं बाहेरचा माणूस पहिल्यांदा आला की भट्टीकडंच बघत उभा राहतो. वितळलेलं लोखंड, ठिणग्या, डोक्यावरून फिरणारी क्रेन. क्रांतीचं काम या सगळ्याच्या आधीचं. साचे ज्या वाळूचे करतात ती वाळू ती तपासते. लॅबमध्ये यंत्रं आहेत, पण यंत्राचा आकडा यायच्या आधी ती वाळूची मूठ वळते, मधोमध मोडते आणि मोडलेली कड बघते. कड भुसभुशीत असेल तर पाणी कमी, बोटांना चिकटली तर जास्त. पाणी जास्त झालं की ओतलेल्या लोखंडात पोकळ्या राहतात आणि सगळा माल भंगारात जातो. एकदा तिनं नको म्हटलं की मॅनेजरसुद्धा ती वाळू साच्यात घालायला धजत नाही.

घरी मात्र तिच्या हो-नाहीला इतकं वजन नव्हतं. त्याबद्दल तिची फारशी तक्रारही नव्हती. आजऱ्याजवळच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी. बी.एस्सी. झाल्यावर लग्न होऊन पाणंदवाडीला चौगुल्यांच्या घरात आली, ती नोकरी सोडणार नाही एवढी एकच अट घालून. सासऱ्यांनी, म्हणजे आकाराम चौगुल्यांनी, ती मान्य केली आणि आजवर पाळली. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं, घरातही तेच नाव. नवरा कृष्णात चार म्हशी आणि ऊस बघतो. सासूबाई बाळाबाई चूल बघतात, आणि क्रांतीच्या मते बाकीचंही बरंच काही बघतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. घरातला व्यवहार आण्णांचा. बी-बियाणं, दुधाचं बिल, लग्नाचा आहेर, कर्ज, सगळं त्यांच्या सहीनं. ते गावच्या पतसंस्थेचे चेअरमन. पंचवीस वर्षांत ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही. चौगुल्यांच्या घराला पैसे लागले तर आण्णांनी तिथं नुसतं म्हणायचं, की संध्याकाळी रक्कम घरात. बँकेची पायरी चढायची वेळ आपल्या घरावर आली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या पावण्याला चहाबरोबर सांगत.

म्हणून थोरला विश्वजित इंजिनिअरिंगला गेला तेव्हा कर्ज पतसंस्थेचं निघालं आणि आण्णांच्या नावावर निघालं. जामीन म्हणून क्रांतीची सही घेतली. त्यासाठी तिला सभासद करून घेतलं आणि तिचं पासबुक आण्णांच्या कपाटात गेलं. हप्ता मात्र दर महिन्याला तिच्या पगारातून जायचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. पोरगा शिकतोय, आपण भरतोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची, नवी करपद्धत यायच्या आधीची. दर जानेवारीत कंपनीचा पगार विभाग सगळ्यांकडून कागद मागवतो: विमा, घरकर्ज, मुलांची फी, काय काय असेल ते. त्यावरून आयकर किती कापायचा ते ठरतं. त्या वर्षी एप्रिलमध्येच कुणीतरी डबा खाताना म्हणालं की मुलांच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावरही सवलत मिळते. क्रांतीला आनंद झाला. वर्षाच्या अंदाजात तिनं ती सवलत लिहून टाकली. जानेवारीत तिनं आण्णांकडून पतसंस्थेचं, लाल शिक्क्याचं, व्याज भरल्याचं प्रमाणपत्र मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नजीराच्या टेबलावर ठेवलं.

नजीरा मुजावर पगार विभागात. दोघी एकाच वर्षी कंपनीत लागलेल्या, एकीनं दुसरीच्या घरचे शिरखुर्मा आणि दिवाळी फराळ वर्षानुवर्षं खाल्लेले. नजीरानं कागद वाचला, चष्मा डोक्यावर सरकवला.

"काय गं, हे आकाराम चौगुले कोण? तू?"

"सासरे."

"मग सवलत सासऱ्यांना. ज्यानं कर्ज काढलं त्याला मिळती. त्यांना कर लागतोय काय?"

"शेतकऱ्याला कुठला कर?"

"म्हणजे गेली. आणि समज, तुझं नाव असतं तरी गेलीच असती. कर्ज बँकेचं पायजे. पतसंस्थेचं व्याज ह्यात धरत न्हाईत." नजीरानं कागद तिच्याकडं सरकवला. "हा तुझा दाखला म्हणजे नरसोबाच्या वाडीचा प्रसाद हाय बघ. कपाळाला लावून घे, पर कर काय ह्यानं माफ व्हायचा न्हाय."

क्रांतीनं कागद घडी करून पर्समध्ये घातला. आयकराचा हिशेब तिनं आधीच सवलत धरून दिला होता. ती सवलत गेली, आणि वर्षाचा राहिलेला सगळा कर फेब्रुवारीच्या एका पगारातून कापला गेला. तो पगार निम्मा आला. त्याच महिन्यात विश्वजितची परीक्षेची फी होती. तिनं बांगड्या मोडल्या नाहीत की कुणापुढं रडली नाही, पण तो महिना तिच्या लक्षात राहिला. जवळजवळ दोन वर्षं आपण व्याज भरलं, आणि ते कायद्याच्या लेखी आपण भरलेलंच नाही, ही गोष्ट तिला आत कुठेतरी टोचत राहिली.

आता पाळी धाकटीची होती. संयोगिता. घरात संयू.

संयूला आर्किटेक्चरला जायचं होतं. पुठ्ठा, काडेपेट्या, आइस्क्रीमच्या काड्या, जे मिळेल त्याची ती घरं करायची. एकदा गोठ्याचं मॉडेल करून तिनं वाऱ्यासाठी खिडकी कुठं पाहिजे ते वडिलांना दाखवलं होतं आणि कृष्णातनं खरंच तिथं भिंत फोडली होती. आण्णा म्हणाले होते, घर बांधायला गावात गवंडी हाय की, त्याला पाच वर्षं पुण्यात कशाला राहायला लागतंय. पण हे म्हणताना त्यांचा आवाज मऊ होता. नातीवर त्यांचा जीव होता, त्यात काही खोट नव्हती.

जुलैत यादी लागली. पुण्यातलं चांगलं कॉलेज मिळालं. जागा पक्की करायला आठवडाभराची मुदत होती. आण्णांनी संध्याकाळी जाहीर केलं की काळजीचं कारण नाही, संस्थेत शब्द टाकलाय, अर्ज लिहून तयार हाय, येत्या बाजारादिवशीच्या सभेत मंजूर होईल. त्यांच्या नावावर. जामीन क्रांती.

क्रांती भाकऱ्या थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण मनातल्या मनात तिनं हिशेब मांडला. पतसंस्थेचा हप्ता पुढच्या महिन्यापासूनच सुरू होणार. विश्वजितचा चालू आहेच. त्यात संयूची खोली, खानावळ, कागद-रंग-मॉडेलचा खर्च. दोन्ही हप्ते गेल्यावर पगारात जे उरत होतं त्यात पुण्यात पोरीला सहा महिनेही ठेवता आलं नसतं. दिवाळी करून गेलेली पोरगी संक्रांतीला ट्रंक घेऊन परत आली असती. बँकेच्या शैक्षणिक कर्जात तसं नव्हतं. मुद्दलाचा हप्ता शिक्षण संपल्यावर, तोवर नुसतं व्याज. व्याजाचा दर कमी. आणि ते व्याज तिच्या नावानं तिनं भरलं तर तेवढं तिच्या उत्पन्नातून वजा होऊन करही कमी होणार. फेब्रुवारीनंतर तिनं हे सगळं नजीराकडून नीट समजून घेतलं होतं. एवढं असेल तर संयू टिकत होती. एवढं नसेल तर नाही.

ती आण्णांशी बोलली. एकदा जेवण वाढताना, एकदा ते गोठ्यात वैरण टाकत असताना, एकदा सरळ समोर बसून. पहिल्यांदा त्यांनी हूं केलं. दुसऱ्यांदा म्हणाले, बँकेतल्या टायवाल्याला आपण कोण ते ठाऊक हाय काय? तिसऱ्यांदा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कृष्णातला तिनं विचारलं तर तो म्हणाला की तुझं पटतंय, पण आण्णांनी संस्थेत सगळ्यांसमोर सांगितलंय. आता मागं घ्यायचं म्हणजे त्यांच्या पटक्याचा प्रश्न आहे.

"पटका त्यांचा. पोरगी कुणाची?"

दुसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालून आल्यावर कृष्णातनं मोटारसायकल दारात उभी केली आणि चल म्हणाला. क्रांतीनं रजा टाकली होतीच. संयूला मध्ये बसवून तिघं कोल्हापूरला बँकेत गेले.

बँकेतला अधिकारी तरुण होता, अदबीनं बोलणारा. मुख्य अर्जदार विद्यार्थिनी, सहकर्जदार पालक, असं सांगत त्यानं कागद आपसूक कृष्णातपुढं सरकवला. क्रांतीनं तो हातानं आपल्याकडं वळवला.

"सहकर्जदार मी. पगार माझा आहे, आयकर मला लागतो, विवरणपत्र मी भरते. व्याज माझ्या खात्यातून कापायचं."

"चालेल की मॅडम. शक्यतो वडीलच करतात सही, म्हणून म्हटलं."

"शक्यतो मीच हप्ते भरते," क्रांती म्हणाली. कृष्णात खिडकीबाहेर बघत हसला. हसण्यात थोडी लाज होती, आणि थोडा अभिमानही, असं संयूला वाटलं.

अर्जात एक रकाना होता: आपण कुणाला जामीन आहात काय? बाहेर पानपट्टीजवळ उभं असताना कृष्णातनं सुचवलं होतं की पतसंस्थेचं लिहू नको, बँकेला काय कळतंय. क्रांतीनं लिहिलं. वाळूत पाणी जास्त असताना कागदावर कमी लिहिलं तर पुढं काय होतं हे तिला रोजच दिसत होतं. अधिकाऱ्यानं तो रकाना वाचला आणि म्हणाला की मग त्या पतसंस्थेचं एक पत्र लागेल, तुमच्यामुळं थकबाकी नाही असं. ते मिळालं की दोन दिवसांत मंजुरीचं बघतो.

परतीच्या वाटेवर तिघांच्याही डोक्यात एकच होतं. ज्या माणसाची मर्जी मोडून बँकेत आलो, आता त्याच्याच सहीचं पत्र पाहिजे.

पतसंस्थेची सभा आठवडी बाजाराच्या दिवशी, दूध डेअरीच्या वरच्या खोलीत. खाली कॅन धुतल्याचा आवाज, वर सतरंजी, पंखा आणि चहा. बायका त्या जिन्यानं वर जात नसत. जायला बंदी नव्हती, कुणी गेलंच नव्हतं एवढंच. क्रांती बाजाराची पिशवी हातात घेऊनच वर गेली. पिशवीत मेथी आणि वांगी होती. सकाळी बाळाबाईंनी काही न विचारता ती पिशवी तिच्या हातात दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "बाजारातनं येताना सावकाश ये. गडबड न्हाय."

खोलीत आण्णा मध्ये, बाजूला सेक्रेटरी केरबा, भिंतीला टेकून जोतीराम आणि दोन-तीन संचालक. तिला बघून बोलणं थांबलं. जोतीराम म्हणाला, "या की वहिनी, बसा. चेअरमन, आज घरचीच सभा भरली म्हणायची."

कुणी हसलं नाही. आण्णांनी विचारलं, काय काम काढलं. क्रांतीनं अर्ज केरबाच्या हातात दिला. सभासद क्रांती कृष्णात चौगुले यांच्या जामिनकीखालील कर्जाची थकबाकी नाही, असा दाखला मिळावा.

आण्णांनी अर्ज न वाचताच ओळखलं. त्यांचा चेहरा तापला.

"घरात बोलायचं सोडून हितं आलीस व्हय?"

"घरात तीनदा बोलले आण्णा. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवला."

जोतीरामनं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर उपरणं धरलं. आण्णा संचालकांकडं वळले आणि सांगू लागले की त्यांच्या नातीसाठी रक्कम संस्थेतूनच जाईल, आधी ठरलंय, ह्यात बदल न्हाय. बँकेच्या दारात चौगुल्यांची सून उभी राहिलेली त्यांना चालणार नाही.

क्रांती पिशवी खाली ठेवून उभीच राहिली. आवाज तिनं लॅबमधलाच ठेवला, ज्या आवाजात ती मॅनेजरला ही वाळू चालणार नाही म्हणते.

"आण्णा, तुम्ही शब्द टाकला, तो नातीसाठीच टाकला, मला ठाऊक हाय. पण कर माझ्या पगारातनं कापतात. म्हणून कर्ज माझ्या नावावर पायजे. तुमच्या नावाला मान हाय, कर न्हाय. त्या कायद्याला मान दिसत न्हाय, त्याला कर दिसतो." ती थांबली. "तुमच्या नावावर काढलं तर संयू संक्रांतीला परत येईल. मग तुम्हीच तिला सांगा, का बोलावली ते."

खाली कुणीतरी कॅन आपटला. मग जोतीरामनंच, आता चेष्टा सोडून, केरबाला विचारलं की विश्वजितच्या कर्जाचं काय हाय, थकलंय काय कधी? केरबानं खातं काढून सांगितलं की एकही हप्ता चुकलेला नाही. दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी, वहिनींच्या खात्यावरनं. हे आण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण चारचौघांत मोठ्यानं कुणी वाचलं नव्हतं.

आण्णांनी पेन काढलं. झाकण उघडायला त्यांना जरा वेळ लागला. केरबानं दाखला लिहिला, त्यांनी खाली सही केली, शिक्का स्वतः मारला. मग समोरचा संयूसाठी लिहून ठेवलेला अर्ज घेतला, दोन तुकडे केले आणि खिशात घातले.

"न्हे," एवढंच म्हणाले.

जिना उतरताना क्रांतीच्या लक्षात आलं की पिशवी वरच राहिली. ती आणायला परत जायचं धैर्य मात्र तिला झालं नाही. संध्याकाळी ती पिशवी आण्णांनीच घरी आणली आणि चुलीजवळ ठेवली. क्रांतीशी ते त्यानंतर बरेच दिवस बोलले नाहीत. चहा पाहिजे असला तरी निरोप बाळाबाईंच्या तोंडून यायचा. बाळाबाई तो देताना डोळे मिचकावायच्या. संयू पुण्याला निघाली त्या दिवशी मात्र आण्णा एस.टी. स्टँडपर्यंत आले, तिच्या हातात नोट कोंबली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून उभे राहिले.

बँकेचं पहिलं व्याज क्रांतीच्या खात्यातून गेलं तेव्हा तिनं मोबाईलवरचा तो संदेश दोनदा वाचला. पैसे जाताना माणसाला बरं वाटतं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं. तरी खर्च भागवायला ओढाताण होतीच. तिनं नवी साडी घेतली नाही, कृष्णातनं एक रेडकू विकलं, विश्वजितनं सुट्टीत शिकवण्या घेतल्या. संयू एका खोलीत तिघींबरोबर राहिली आणि मेसचं वरण पातळ असतं म्हणून फोनवर रडली. पण ती राहिली.

पुढच्या जानेवारीत नजीराच्या टेबलावर दोन कागद गेले. एक बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, सहकर्जदार क्रांती कृष्णात चौगुले. दुसरी कॉलेजच्या फीची पावती. पावतीवरच्या सगळ्या रकमांवर नजीरानं पेन्सिल फिरवली आणि फक्त ट्यूशन फीभोवती गोल केला. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, हॉस्टेल यातलं काही धरत नाहीत, आणि फीची सवलतही विमा-पीएफच्या त्याच एका मर्यादेत बसवायची, व्याजाची मात्र वेगळी, हे तिनं समजावलं आणि म्हणाली, "ह्यावेळी प्रसाद न्हाय आणलास ते बरं केलंस."

पहिल्या वर्षी व्याज थोडंच होतं, फरकही थोडा पडला. दुसऱ्या वर्षी फीचे पुढचे हप्ते बँकेनं भरले, व्याज वाढलं आणि फेब्रुवारीचा पगार जवळजवळ पुरा आला. वाचलेल्या करात संयूची कित्येक महिन्यांची खानावळ निघाली. आता नवी करपद्धत आल्यापासून हा हिशेब सरसकट तसाच राहिलेला नाही. नव्या पद्धतीत ही सवलत मिळत नाही, आणि पुष्कळांना तीच पद्धत स्वस्त पडते. दरवर्षी दोन्हीकडून मांडून बघावं लागतं. क्रांती तसं मांडून बघते. बघायला शिकली, हेच खरं.

संयू पास होऊन आता पुण्यातच एका ऑफिसात काम करते. कर्जाचा हप्ता अजून चालू आहे, अर्धा ती भरते, अर्धा आई.

आण्णांनी आपलं चुकलं असं कधी म्हटलं नाही. उलट पुढं गावात कुणाच्या पोरीच्या कॉलेजचा विषय निघाला की ते खुर्चीतून सांगू लागले की ज्याला कर लागतो त्याच्या नावावर बँकेत कर्ज काढा, सून नोकरीला असेल तर सुनेच्या. आणि शेवटी हमखास जोडायचे, "आमच्या संयूला बँकेनं कर्ज दिलं ते कशावर? आमच्या संस्थेच्या दाखल्यावर. सही माझी व्हती."

क्रांतीला हे पहिल्यांदा कृष्णातनं सांगितलं तेव्हा तो जरा घाबरतच सांगत होता. ती भाकरी उलटत म्हणाली, "म्हणू देत की. दाखल्यावर सही त्यांचीच हाय."

मग तिनं तवा उतरवला आणि आण्णांना जेवायला हाक मारली.